तयार तळघर आणि गोजाबाईंचा माग

मित्रांनो, मी एक जुनं तळघर आहे. जुनं म्हणजे राजेरजवाड्यांच्या काळातलं नव्हे. माझ्यात कुणी मोहरा पुरल्या नाहीत, की माझ्यातून भुयार काढून कुणी पळून गेलं नाही. मी कारखान्यात तयार झालेलं, ट्रेलरवर बसून आलेलं तळघर आहे. माझं वय अजून शाळेत घालण्याइतकंही नाही. पण सोलापूरच्या उन्हात एक वर्ष काढलं की दहा वर्षांचं शहाणपण येतं, म्हणून मी स्वतःला जुना समजतो. गोष्ट सांगतो ती खरी आहे. मधेमधे तिखट जास्त पडलं, तर तो शेंगाचटणीच्या गावाचा गुण समजा.

माझा जन्म शहराबाहेरच्या एका मोठ्या आवारात झाला. लोखंडी साच्यात सळयांचा पिंजरा ठेवला, वरून सिमेंट, खडी आणि वाळू ओतली आणि थरथरणारी एक नळी आत घालून मला असं हलवलं, की जन्माआधीच माझी बत्तिशी खिळखिळी झाली. मग ओली पोती पांघरून निजवलं. मी एकसंध जन्मलो नाही. जमीन वेगळी, भिंती वेगळ्या, छत वेगळं, जिना वेगळा. माझ्या उजव्या भिंतीची डाव्या भिंतीशी ओळख जागेवर बसल्यावरच झाली आणि त्यांचं अजूनही फारसं पटत नाही.

आवारात माझं कौतुक फार. येणारा जाणारा बोटाच्या पेराने माझ्यावर टकटक करायचा आणि म्हणायचा, "खणखणीत!" मित्रांनो, कौतुकाचं असं असतं, ते टकटक करणाऱ्याला फुकट पडतं.

मला विकत घेतलं बिभीषणने. हा बिभीषण म्हणजे टॉवेलच्या गठ्ठ्यांची वाहतूक करणारा टेम्पोवाला. त्याच्याकडे दोन टेम्पो होते. विजापूर रस्त्याच्या पलीकडे त्याची जागा होती आणि त्या जागेवर पत्र्याची शेड होती. शेडमध्ये त्याची आई, गोजाबाई, घोंगड्याच्या मागावर बसायच्या. मंडळी धनगर. सांगोल्याकडून आलेली. मेंढरं गावाकडे राहिली, माग तेवढा सोबत आला.

त्या वर्षी उन्हाळा असा होता, की कावळे पायात चप्पल घालून हिंडत होते. खोटं वाटत असेल तर सोलापूरच्या कुठल्याही कावळ्याला विचारा. त्या पत्र्याखाली आई भाजून निघते, हे बिभीषणला बघवेना. घर तर बांधायचंच होतं. त्याने ठरवलं, की वर घर आणि खाली गारव्याला आईचा माग. कंपनीच्या रंगीत कागदावर लिहिलेलं होतं, 'घरासाठी तयार तळघर. तीन दिवसांत बसवून मिळेल.' खाली माझी किंमत होती. ती वाचून बिभीषण म्हणाला, "एवढ्यात तर खुशाल हुतंय की!"

कंपनीचा माणूस होता इंद्रजीत. तरुण, सज्जन, कंबरेला मोजायची टेप. तो शेडमध्ये आला, गोजाबाईंच्या समोर उकिडवा बसला आणि एकेक गोष्ट विचारू लागला.

"काकू, जिना कुठल्या बाजूला पाहिजे?"

"उगवतीला."

"उजेड?"

"उजेड डाव्या हाताला. धोटा हिकडनं तिकडं पळतो, त्यो दिसाया पायजे."

"मागाची लांबी किती?"

गोजाबाईंनी त्याला उभ्या धाग्यांचा ताणा कुठवर जातो ते चालून दाखवलं. मग छताची उंची विचारून झाली, पंखा विचारून झाला, बटणं कुठे हवीत तेही विचारून झालं. इंद्रजीतने सगळं नकाशात बसवलं. तो उठताना म्हणाला, "आणखी काही राहिलं का?"

"न्हाय बा," गोजाबाई म्हणाल्या. "एवढं केलंस तर देव तुझं भलं करील."

मित्रांनो, इथेच सगळं चुकलं आणि ते तिघांनाही कळलं नाही. गोजाबाईंचा माग हा खड्ड्याचा माग. बाई जमिनीवर बसते आणि पाय खाली खड्ड्यात सोडते. खड्ड्यात लाकडी पावड्या असतात. एक दाबली की अर्धे धागे वर, दुसरी दाबली की उरलेले वर. खड्डा नसेल तर त्या मागाची नुसती लाकडं राहतात. पण गोजाबाईंना खड्डा हा मागाचा भाग वाटतच नव्हता. तो जमिनीचा भाग. आणि जमीन तर सगळीकडे असतेच. बिभीषण त्या खड्ड्याशेजारी रांगायला शिकला, दोनदा त्यात पडला, तरी त्यालाही आठवलं नाही. इंद्रजीत समोर बसला होता, पण गोजाबाईंचे पाय लुगड्याखाली. त्याला वाटलं, काकू मांडी घालून बसल्या आहेत.

मग मला आणायची तयारी सुरू झाली, आणि बिभीषणला रंगीत कागदावर नसलेल्या गोष्टी कळू लागल्या. माझी किंमत छापलेली होती, मला ठेवायच्या खड्ड्याची नव्हती. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, इथवर पोकलेनने सहज काढलं. त्याच्याखाली लागला काळा पाषाण. तो फोडायला अक्कलकोटकडचा कल्लप्पा ब्रेकर घेऊन आला. पाषाण इतका टणक, की कल्लप्पा आला तेव्हा त्याला मिसरूड होती, निघताना छातीपर्यंत दाढी. खोदता खोदता तो इतका खाली गेला, की शेषाने मान वर करून विचारलं, "काय रे, बिभीषणाचं घर ना? मग लंका सोडून हितं कुटं?"

कल्लप्पा वर येऊन म्हणाला, "अय्यो, दगड न्हाय री ह्यो, लोखंड हाय. डिझेल लई खातंय."

माती ट्रॉलीवर ट्रॉली भरून बाहेर टाकावी लागली. ती टाकायला जागा शोधावी लागली. गल्लीत ट्रेलर वळेना, म्हणून शेजाऱ्यांची कंपाउंडची भिंत काढून पुन्हा बांधून द्यावी लागली. विजेच्या तारा बाजूला घेण्यासाठी हेलपाटे झाले. क्रेन तासाच्या भाड्याने आली आणि निम्मे तास ती नुसती उभी राहिली. सोनाली, म्हणजे बिभीषणची बायको, रोज दारात उभी राहून विचारायची, "आज काय निघालं?" तिचं आणि बिभीषणचं बोलणं मग स्वयंपाकघरात चालायचं आणि शेवटी भांडी जोरात वाजायची.

एक दिवस दारातला एक टेम्पो गेला. कुणी विचारलं तर बिभीषण म्हणायचा, "तळघरात लावलाय." लोक हसायचे. पण ते खरंच होतं. माझ्या पोटात एक आख्खा टेम्पो आहे, मित्रांनो, कान लावलात तर हॉर्न ऐकू येतो.

क्रेनने मला उचललं तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस. तळघराला जन्मात एकदाच आभाळ बघायला मिळतं. मी वरून सिद्धेश्वराचं तळं पाहिलं. आणखी वर गेल्यावर विजापूरचा घुमट दिसला आणि त्याच्या गॅलरीत उभ्या असलेल्या एका पोराने मला हात केला. मीही करणार होतो, पण तेवढ्यात खाली सोडलं. गेलो ते गेलोच. सांधे बोल्टने आवळले, फटींत रबर आणि मसाला भरला, बाहेरून काळं डांबर फासलं. पाणी आत येणार नाही, अशी कंपनीने हमी दिली. तीन दिवसांत बसवलं, यात मात्र खोट नाही. त्याआधीचे चार महिने कुणी मोजले नव्हते.

या सगळ्या खोदाईत शेडमधला मागाचा जुना खड्डा माझ्या मोठ्या खड्ड्यात नाहीसा झाला. तो इथे आल्यावर गोजाबाईंच्या सासूने खणलेला. पोकलेनच्या एका घासात गेला. गोजाबाई शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून चातीवर लोकर कातत होत्या. त्यांनी पाहिलं आणि पुन्हा चाती फिरवली. नव्या जागी नवा खड्डा निघेलच, असं त्यांना वाटलं.

वर घर उभं राहिलं. वैशाखात वास्तुशांत झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोजाबाई पहिल्यांदा माझ्यात उतरल्या. बाहेर अंगाची लाही, आणि माझ्यात माठातल्यासारखा गारवा. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. "लई गार हाय रं," म्हणाल्या. बिभीषणचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं, टेम्पो वसूल झाला.

मग त्या उजेडाच्या बाजूला बसायला गेल्या. बसल्या. पाय सोडायला गेल्या, आणि पाय समोर सरळ, काठीसारखे आडवे पडले. त्या आपल्याच टाचांकडे बघत राहिल्या.

"बिभीषणा," त्या म्हणाल्या, "खड्डा कुटंय?"

बिभीषणने खाली पाहिलं. माझी जमीन गुळगुळीत, राखाडी, एकसारखी. सोनाली जिन्यावर उभी होती. तिने तोंडाला पदर लावला. हसू होतं की दुसरं काही, ते मला खालून दिसलं नाही.

इंद्रजीतला बोलावलं. तो आला, त्याने बघितलं आणि कपाळाला हात लावला. "काकू, तुम्ही सांगितलं नाहीत."

"मागाला खड्डा असतो हे काय सांगायचं असतंय व्हय? उद्या म्हणशील, विहिरीला पाणी असतं ते सांगितलं न्हाय."

"मीच विचारायला हवं होतं," इंद्रजीत म्हणाला. "पण आता जमीन फोडता येणार नाही. फोडली की हमी गेली. पावसाळ्यात खालून पाणी येईल. ते मी थांबवू शकत नाही."

बिभीषण म्हणाला, "फोडायची न्हाय. एवढा जीव घातलाय ह्याच्यात. आये, तुला दुसरा माग घीऊ. उंचावरचा. खुर्चीवर बसल्यागत बसायचं."

"खुर्चीवर बसून घोंगडं इणतील काय रं? मी काय तहसीलदार हाय?"

तरी सुताराकडून एक फळ्यांचा ओटा करून आणला. त्याला मधे भोक, भोकात पाय. गोजाबाई त्यावर बसल्या आणि घोंगडं ठोकायला लागल्या. घोंगड्याचा आडवा धागा लाकडी हात्याने जोरात ठोकावा लागतो. दर ठोक्याला ओटा बोटभर पुढे सरके. सकाळी त्या माझ्या उगवतीच्या भिंतीशी बसल्या होत्या, दुपारच्या भाकरीला मावळतीच्या भिंतीशी पोचल्या. संध्याकाळपर्यंत थांबवलं नसतं तर मंगळवेढा गाठलं असतं. विणलेलं मात्र सगळं वाकडं. त्यांनी ते उसवलं, सूत पुन्हा गुंडाळलं आणि त्या वर निघून गेल्या. मग बरेच दिवस खाली आल्याच नाहीत.

मागाची लाकडं माझ्या भिंतीला टेकून उभी राहिली. मग त्यांच्याशेजारी कूलरची खोकी आली. मोडका मिक्सर आला. गाद्या आल्या. मी अडगळीची खोली झालो. थंडगार, खणखणीत, हमीसह अडगळीची खोली.

अशात येडू आला. येडू म्हणजे गोजाबाईंचा धाकटा भाऊ, अजून मेंढरांमागे हिंडणारा. हे सगळं सूत त्याच्याच मेंढरांच्या लोकरीचं. दर तीन-चार वर्षांनी बहीण त्याला घोंगडं विणून द्यायची. पावसात तेच त्याचं घर. जुन्या घोंगड्याला आता भोकं पडली होती आणि मृग जवळ आलं होतं. तो घोंगडं न्यायला आला होता. गोजाबाईंनी त्याला खाली आणून टेकून उभी असलेली लाकडं दाखवली.

येडूने लाकडं बघितली, माझी जमीन बघितली आणि मोठ्याने हसला. "आक्का, तुझ्या लेकानं तुला राजवाडा दिला आन् पाय ठेवाया जागा दिली न्हाय की गं!"

"हस, येड्या, हस. पावसात भिजशील तवा रडशील."

"भिजतोय कशाला? ह्यो बघ." त्याने पिशवीतून निळ्या प्लास्टिकचा रेनकोट काढला आणि अंगावर चढवला. नवा कोरा, घडीच्या रेघा पडलेला. तो हलला की खसखस आवाज यायचा. "बाजारातनं घेतलाय. हलका हाय, पाणी आत येत न्हाय. एकच वाईट. आवाजानं मेंढरं बुजत्यात. परवा घालून बघितला तर माझीच मेंढरं मला बघून अशी पळाली, की निम्मी कर्नाटकात गावली."

बिभीषण हसला. सोनालीही हसली. गोजाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढे होऊन रेनकोटची बाही दोन बोटांत धरली, चुरगाळली आणि सोडून दिली. बाही पुन्हा सरळ झाली.

"खाली हातरशील काय ह्येला?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"कोकरू गुंडाळशील?"

"गुदमरंल की ते."

"मग राहू दे. घाल हाच," गोजाबाई म्हणाल्या. "सूत ने परत. कुणाला तरी इक. न्हाय तर फेकून दे. आता लोकर फेकत्यातच म्हणं समदी." आणि त्या जिना चढायला लागल्या. प्रत्येक पायरीवर हात टेकून.

मी तटस्थ आहे, मित्रांनो. सिमेंटचा जीव. पण आवाज माझ्यात घुमतात. त्या पायऱ्यांचा आवाज बराच वेळ घुमत राहिला.

बिभीषण तिथेच उभा होता. त्याच्या डोळ्यांसमोर गेलेला टेम्पो असेल, पाणी असेल, हमीचा कागद असेल. तो सोनालीला म्हणाला, "फोडलं तर पावसाळाभर पाणी भरंल. सगळं घातलेलं पाण्यात."

"भरू दे की," सोनाली म्हणाली. "पावसाळ्यात माग चालतो कुटं? आत्ती ताण्याला चिंचोक्याची खळ लावत्यात, ती उन्हाशिवाय वाळत न्हाय. तुमच्या शेडीत तरी कधी श्रावणात माग वाजला हुता व्हय?"

बिभीषणने आठवून पाहिलं. नव्हता वाजला. श्रावणात आई लोकर कातायची.

दुसऱ्या सकाळी कल्लप्पा छोटा ब्रेकर घेऊन आला. त्याच्या आधी इंद्रजीत येऊन गेला होता. तो खाली उतरला, खिशातून खडू काढला, माझ्या जमिनीवर एक चौकोन आखला आणि म्हणाला, "ह्याच्या बाहेर गेलात तर सळ्या तुटतील. हमी तर गेलीच, सही करून द्या. आणि हा चौकोन मी आखलेला नाही. मी आज आलोच नव्हतो." मग जाताना गोजाबाईंच्या पाया पडून गेला. न आलेला माणूस पाया कसा पडतो, हे मला अजून कळलेलं नाही.

"इल्ली काय री, आक्का?" कल्लप्पाने विचारलं.

"हितंच," गोजाबाई म्हणाल्या. "आन् जरा धीरानं."

दुखलं का, असं तुम्ही विचाराल. तळघराला दुखत नाही. फक्त इतके दिवस माझ्याखाली काय आहे ते मला माहीत नव्हतं, ते त्या दिवशी कळलं. पाषाणावर भरावाला टाकलेला मुरूम होता. ओलसर, गार. गुडघाभर खणून सोनालीने तो मातीशेणाने सारवला. येडूने पावड्या बांधल्या. गोजाबाई काठावर बसल्या, पाय आत सोडले आणि डोळे मिटले. मग पहिला ठोका पडला आणि माझ्या चारही भिंती, त्या न पटणाऱ्या दोघी धरून, एकदम वाजल्या.

मृगाच्या आदल्या दिवशी घोंगडं उतरलं. काळं, कडेला पांढरी किनार. येडूने ते भर उन्हात अंगावर घेतलं आणि चौकापर्यंत घामाने निथळत, पण ते न काढता चालत गेला. रेनकोट त्याने इथेच ठेवला. सोनालीने तो स्कूटरवर घातला.

पुढे पाऊस आला आणि इंद्रजीत म्हणाला होता तसं खड्ड्यातून पाणीही आलं. तेही स्वच्छ, खड्ड्याच्या काठापर्यंत. एखाद्या वर्षी जास्त येतं. मग बिभीषण पंप लावतो, पंपाचं बिल बघतो आणि आपल्याशीच काहीतरी पुटपुटतो. माझ्या भिंतीला ओल येते, चुना फुगतो. रंगीत कागदावरच्या तळघरासारखा मी आता दिसत नाही. टकटक करणारे येत नाहीत. अडगळ मात्र गेली. मागाची लाकडं पावसाळ्यात छताला टांगलेली असतात आणि गोजाबाई दुपारच्या वेळी खड्ड्याच्या काठावर बसून, गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात सोडून, पुढच्या घोंगड्याची लोकर कातत असतात.

मित्रांनो, तुमच्या घराला तयार तळघर घ्यायचं असेल तर जरूर घ्या. माझी जातभाई मंडळी चांगली आहेत. खड्डा, दगड, माती, क्रेन, शेजाऱ्याची भिंत, सगळं आधी विचारून घ्या. पण ते शेवटी विचारा. आधी ज्या माणसासाठी तळघर करताय, त्याला त्या जागी जमिनीवर बसवा आणि काही न बोलता बघा, तो पाय कुठे ठेवतो. आणि तळघर झालं, की त्यात मोडके कूलर टाकू नका. पाणी साठू लागलं तर काढा, भिंत फुगली तर चुना लावा, पण खाली माणूस बसता ठेवा.

आता वरून सोनाली ओरडते आहे, "आत्ती, भाकरी गार हुतीया की! किती येळ पाण्यात बसताय?"

"आले, आले," गोजाबाई म्हणतात, आणि चाती फिरवत राहतात.